तानुबाईची तीन हात जागा

तानुबाईला कुणी पत्ता विचारला, तर ती मखमलाबाद रोडवरच्या मळ्याचं नाव कधी घ्यायची नाही. "गंगेकडं उतरताना फुलवाल्या बसत्यात ना, त्यात मालनबाईच्या डाव्या अंगाला," असं सांगायची; नाशकात गोदावरीला गंगाच म्हणतात. घर तिला झोपण्यापुरतं. पहाटे उठून शेवंती-झेंडू तोडायचा, पाट्या रिक्षात घालायच्या आणि उजाडता उजाडता त्या तीन हात जागेवर गोणपाट टाकून बसायचं, हे ती लग्न होऊन आल्यापासून करत आली. आधी सासूच्या मागं बसून, मग सासू गेल्यावर पुढं बसून. मालक अवेळी गेले, तेव्हा तेराव्यानंतर ती आली तीही इथंच. मालनबाईनं तिच्या पाट्यांवर पाणी शिंपडलं. त्या दिवसापासून तानुबाईचं रडणं थांबलं, असं रांगेतल्या बायका सांगतात. थांबलं नसणार, पण गिऱ्हाईक समोर उभं असताना रडायला सवड कुठली.

आता या जागेचं एक आधीच सांगून ठेवायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. फुलवाल्यांच्या त्या रांगेत कुणाकडं कसला कागद नाही. अतिक्रमणवाल्यांची गाडी आली की पाट्या उचलून गल्लीत पळायचं, गाडी गेली की परत येऊन बसायचं. पण बायकांचा आपापसातला कायदा भलता कडक. घटस्थापनेच्या सकाळी ज्या बाईच्या हातानं जागेवर पहिली विक्री होईल, म्हणजे भवानी होईल, तिची ती जागा. एखाद्या वर्षी कुणी आजारी पडली, बाळंत झाली, तर दुसरीला बसवता येतं. पण लागोपाठ दोन घटांची भवानी त्या दुसरीच्या हातानं झाली, की जागा तिची. मग तुमच्या सासूनं तिथं जन्म झिजवलेला असो. आणि जिनं भवानी केली तिनं वर्षभर बसलंच पाहिजे; मधे सहा महिन्यांपर्यंत दुसरी चालते, त्यापुढं नाही. रांगेत मधेच जागा रिकामी दिसली की गिऱ्हाईक तिथूनच माघारी वळतं, असं मालनबाईचं म्हणणं, आणि मालनबाईचं म्हणणं तिथं कुणी खोडत नसे.

शुभांगी ही तानुबाईची थोरली. शाळेतून आली की याच गोणपाटावर दुर्वांच्या जुड्या बांधत बसायची आणि वर्गातली एखादी मुलगी दिसली की पाटीमागं वाकायची. तानुबाई बघून न बघितल्यासारखं करायची. पण तिनं मनाशी गाठ मारली होती, ही पोर रस्त्यावर बसणार नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची, "माझी शुभी खुर्चीवर बसंल." आणि बसली की हो. कॉम्प्युटरची इंजिनिअर झाली. शहाण्णव साली कळवणच्या कुंदनचं स्थळ आलं. मुलगा आधीच अमेरिकेत स्थिरावलेला. लग्नाचे हार रांगेतल्या बायकांनी मिळून केले, एकीनंही फुलाचा दाम घेतला नाही, आणि शुभांगी न्यू जर्सीला गेली. तानुबाईचे पाय तेव्हा जमिनीला लागत नव्हते.

नव्याण्णवला नात झाली, सृष्टी. बाळंतपणाला आईच हवी म्हणून तानुबाई पहिल्यांदा विमानात बसली. पहिला महिना नवलाईत गेला. गरम पाण्याचा नळ काय, कपडे धुऊन वाळवणारं मशीन काय. मग हळूहळू तिच्या ध्यानात आलं, की या घरात दार आहे पण ते उघडून जायचं कुठं, हे कुणालाच माहीत नाही. खाली गाड्या लावायची जागा, पुढं मोठा रस्ता, रस्त्यावर माणूस नावाला नाही. सकाळी दोघं कामावर जायची, जाताना शुभांगी बजावायची, "आई, बेल वाजली तरी दार उघडू नकोस." कढीला फोडणी दिली तर छताला लावलेलं यंत्र बोंबलायला लागलं आणि शेजारची गोरी बाई दारात येऊन उभी. तेव्हापासून फोडणी बंद. जी बाई नाशकात पंचवटीपासून द्वारका चौकापर्यंत डोळे मिटून गेली असती, ती तिथं समोरच्या झाडापर्यंत जायला घाबरू लागली. जोरात बोलायचं नाही, बाळ उठतं. पाय आपटून चालायचं नाही, खालचे तक्रार करतात. तानुबाई हळू बोलायला शिकली, हळू चालायला शिकली आणि हळूहळू नुसती बसून राहायलाही शिकली.

तिकडच्या मराठी मंडळाचा गणपती होता. तानुबाईनं दुकानातली परदेशी फुलं आणून सुईदोऱ्यानं असा काही हार ओवला, की बायका बघायला गोळा झाल्या. एकीनं विचारलं, "मावशी, कुठं शिकलात हो?" तानुबाई पदर सावरून सांगायला लागली, तेवढ्यात शुभांगी मधे पडली. "आमचं नाशिकला फ्लॉवर फार्म आहे. आईला छंद आहे हा." परतताना गाडीत शुभांगीच म्हणाली, "इथं सगळ्यांना सगळं सांगायची गरज नसते गं." तानुबाईला वाईट वाटलं, खूप वाटलं, पण पोरीचा राग करता येईना. पाटीमागं वाकणाऱ्या पोरीला तिनं तेव्हा तरी कुठं उठवलं होतं.

त्यातून सृष्टीचं निराळंच झालं. पोरीनं पहिला शब्द काढला "आई", आणि काढला तो तानुबाईकडं बघून. शुभांगी तानुबाईला येता-जाता आई म्हणून हाक मारायची, पोरीच्या कानावर तेच पडायचं, तिचा काय दोष. शुभांगी हसली, टाळ्याही वाजवल्या, आणि मग जेवली नाही. तेव्हापासून माय-लेकींत एक बारीकसं कुसळ राहिलं. तानुबाईशिवाय शुभांगीचं चालत नव्हतं आणि तानुबाई पोरीला कुशीत घेऊन बसलेली शुभांगीला बघवतही नव्हतं.

मग हे चक्रच झालं. दिवाळीनंतर जायचं, उन्हाळ्यात परत यायचं. तानुबाईनं लेकीला एकच अट घातली होती, "घटाला मी नाशकात पाहिजे." शुभांगी तोंड वाकडं करायची. "आई, त्या पोत्यासाठी?" पण ऐकायची.

इकडं तरी त्रास काय कमी होता म्हणता? पहिल्यांदा परत येऊन गोणपाटावर बसली, तर तोंडातून हाळीच फुटेना. "घ्या शेवंती, ताजी शेवंती" म्हणायला गेली आणि आवाज बाळ झोपल्यासारखा आला. मालनबाई खो-खो हसली. एकदा गिऱ्हाइकाला "थँक्यू" म्हणून बसली, तर पार टोकाच्या दुर्वावालीपर्यंत "मॅडम, मॅडम" सुरू झालं. ही चेष्टा तानुबाई हसून घालवायची. गिऱ्हाइकांचं मात्र जिव्हारी लागायचं. आधी भाव करताना बायका म्हणायच्या, "मावशी, जरा कमी करा." आता म्हणायला लागल्या, "तुमची लेक अमेरिकेत, तुम्हाला काय गरज?" गरज म्हणजे काय, हे त्या बायांना सांगायचं तरी कसं. तानुबाईला स्वतःलाही ते नीट सांगता आलं नसतं. तिला एवढंच ठाऊक होतं, की या जागेवर बसल्यावर आपण कोण हे कुणाला विचारावं लागत नाही.

ती नसताना जागा सांभाळायची अक्काबाई. ही सुरगाण्याकडच्या डोंगरातली. द्राक्षाच्या हंगामात नवऱ्याबरोबर नाशकात उतरली, हंगाम संपला, नवरा परत गेला, ही तानुबाईच्या मळ्यात फुलं तोडायला राहिली. अंगानं किडकिडीत, बोलायला लाजरी. तानुबाईनंच तिला शहरात बसायला शिकवलं. पाटीत चांगली फुलं वर कशी मांडायची, भाव करणाऱ्या बाईला कधी सोडायचं आणि कधी मागं बोलवायचं, सगळं. अक्काबाईनं उलट तिला डोंगरातली पिवळीधमक खुरासणीची फुलं आणून दिली. घटाच्या माळेला नाशिककरांना ती भारी आवडली, आणि पुढं पुढं लोक तीच मागायला लागले. एकदा वेण्या ओवताना तानुबाईनं विचारलं, "तुझी पोर कुणाकडं असती गं?"

"आईकडं, मावशी. तिकडंच."

"आठवण नाय येत?"

अक्काबाईनं दोरा दातानं तोडला. "मला येती. तिला नाय येत. ती आजीलाच आई म्हणती."

तानुबाईच्या हातातली सुई तिथंच थांबली. पोरीची आई समोर बसलेली, आणि तानुबाई स्वतः कुणाच्या तरी पोरीची अशीच आई होऊन आलेली. तिनं फुलांवर पाणी मारलं आणि गिऱ्हाइकाकडं वळली.

दोन हजार पाचला अट मोडली. शुभांगीला दुसरा झाला, साई, आणि तो नेमका घटाच्या आठ दिवस आधी. तानुबाईनं मालनबाईला फोन करून सांगितलं, "घटाला अक्काबाईला बसव." मालनबाई म्हणाली, "बसवते. पण एकच साल हां तानू. पुढच्या घटाला तू आली नायस, तर माझ्या हातात काय नाय." त्या घटस्थापनेला तानुबाई तिकडच्या खिडकीत साईला मांडीवर घेऊन बसली होती. बाहेर पानं लाल-पिवळी झाली होती, त्याचं तिकडं केवढं कौतुक. तिला ती झेंडूची पाटी सांडल्यासारखी दिसली आणि भडभडून आलं.

पुढच्या वर्षी नवरात्राच्या तोंडावर ती आली खरी, पण मोकळी आली नाही. शुभांगी तिकडची नागरिक झाली होती आणि तिनं आईचं ग्रीन कार्ड करून घेतलं होतं. पेढे वाटले गेले. कुंदननं फोनवर समजावलं, की आता फार दिवस बाहेर राहिलं तर ते कार्ड जातं, तिकडं राहावं लागतं. तानुबाई मनात म्हणाली, म्हणजे तिथंही जागा धरून बसायचं म्हणा की. परतीचं तिकीट दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसाचं होतं.

आणि घरी तरी तिचं काय उरलं होतं? मुलगा रंगनाथ सरळ, पण फुलांत त्याचा जीव कधीच नव्हता. मळ्याचे प्लॉट पडले, बहिणीच्या आधारानं दुमजली घर उभं राहिलं. लोक त्याला अमेरिकावाल्यांचा बंगला म्हणायचे. खाली सून तृप्तीचं ब्यूटी पार्लर, वर तानुबाईची खोली. पण ती नसताना पार्लरच्या जुन्या खुर्च्या तिथं ठेवलेल्या असायच्या आणि ती आल्यावर त्या भिंतीला सरकवून तिला वाट करून दिली जायची. मागं दोन वाफे शेवंती राहिली होती, तीही अक्काबाईनं पाणी घालून जगवलेली. तृप्ती वाईट नव्हती. प्रेमानंच म्हणायची, "आई, तुम्ही आलात की चार दिवस बरं वाटतं बघा." चार दिवस. पाहुण्याला म्हणतात तसं.

घटाच्या आधी तानुबाईनं धीर करून शुभांगीला फोनवर सांगितलं, "शुभे, मी नाय येत परत. इथंच राहते."

पलीकडं शुभांगी रडायलाच लागली. "मी काय हौसेनं बोलावते का तुला? साई पाळणाघरात टिकत नाही, सारखा आजारी पडतो. सृष्टी तुझ्याशिवाय जेवत नाही. मला नोकरी सोडावी लागेल आई. तूच मला खुर्चीवर बसवलंस ना? मग आता तूच उठवणार का?"

तानुबाईनं "बघते" म्हणून फोन ठेवला. रंगनाथ ऐकत उभा होता. तो म्हणाला, "ताईचं मन मोडू नको आई. आणि त्या रस्त्यावर बसून काय मिळवायचंय तुला आता? लोकं माझ्या तोंडावर थुंकतात, अमेरिकेची आई फुटपाथवर बसवली म्हणून." त्याचंही खोटं नव्हतं. सगळ्यांचंच खरं होतं, हीच तर पंचाईत होती. एकजण जरी वाईट वागलं असतं, तरी तानुबाईला भांडून मोकळं होता आलं असतं.

मग तिनं मनाशी एक डाव रचला. घटाला जाऊन भवानी करून यायची. एकदा भवानी झाली की जागा आपल्या नावाची. दसऱ्यानंतर जायचं तर जाऊ, पुढचं पुढं बघू. तिकिटाचं रांगेत कुणाला सांगायचं नाही. नऊवारी नेसली, केसांत फूल माळलं, घरातल्या शेवंतीची पाटी भरली आणि रिक्षा करून उजाडायच्या सुमाराला फूलबाजारात हजर झाली.

घटस्थापनेची गर्दी म्हणजे विचारू नका. काळी माती, सात धान्यं, परड्या, विड्याची पानं, सगळा रस्ता अडलेला. तिच्या जागेवर अक्काबाईनं पाट्या मांडल्या होत्या, मधोमध खुरासणीचा पिवळा ढीग. तानुबाईला बघताच ती उठून उभी राहिली आणि आपल्या पाट्या उचलायला लागली. मालनबाईनं स्वतःच्या हातानं गोणपाट झटकून नीट केलं. "बस तानू. तुझी वाटच बघत हुतो आम्ही."

तानुबाई बसली. कमरेला मागच्या टेकायच्या दगडाची ओळख पटली. डाव्या हाताशी पाण्याचं डबडं, उजवीकडं मालनबाईचा दंड लागतोय, समोर पायच पाय, चपला, पैंजण, पायजमे. किती दिवसांनी तिला श्वास पुरेसा आल्यासारखं वाटलं. तिनं तोंड उघडलं आणि हाळी दिली, "घ्या शेवंती." आवाज पहिल्यासारखा खणखणीत निघाला. रांगेतल्या दोघी-तिघी हसल्या. अक्काबाई पलीकडं भिंतीला टेकून उभी होती, पायाशी पाट्या. एवढ्या फुलांचं आज काय करायचं, कुठं बसायचं, हे तिनं कुणाला विचारलं नाही आणि कुणी तिला सांगितलंही नाही.

एक गिऱ्हाईक वाकलं. मालनबाईनं त्याला हातानं थांबवलं. भवानीच्या आधी रांगेतल्या थोरलीनं विचारायची रीतच होती. तिनं तानुबाईच्या डोळ्यांत बघून विचारलं, "तानू, भवानी करतीस, पण दसऱ्यानंतर हायेस ना?"

एक 'हो' म्हटलं की झालं होतं. तानुबाईनं जन्मात कमी थापा मारल्या नव्हत्या. शिळ्या फुलाला ताजं म्हणून विकलं होतं, कुणाचं काही बिघडलं नव्हतं. पण तिचं लक्ष भिंतीकडं गेलं. आपण हो म्हणायचं, दसऱ्यानंतर उडून जायचं, कार्डापायी सहा महिन्यांत परतता येणार नाही, जागा ओस पडणार, आणि ही बाई पोर डोंगरात टाकून आलेली, ही पाट्या घेऊन दारोदार हिंडणार. मग हिनं पोर टाकली ती कशासाठी? आणि आपण तिकडं दुसऱ्याची पोरं धरून बसणार, नावाला मात्र इथली जागा अडवून. एवढं सगळं तिच्या मनात एकदम आलं आणि तिला स्वतःची लाज वाटली.

"नाय," ती म्हणाली. "दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी जायचंय. तिकीट झालंय."

मालनबाईनं मान खाली घालून उगाच आपली विड्याची पानं मोजली. तानुबाई गुडघ्यावर हात देऊन उठली. उठताना तोल गेला, तेव्हा मालनबाईनंच धरलं. "ये गं," तानुबाईनं अक्काबाईला हाक मारली. "मांड तुझ्या पाट्या."

अक्काबाई जागची हलेना. "मावशी, जागा तुमची हाय."

"मांड म्हणते ना. गिऱ्हाईक खोळंबलंय."

अक्काबाई बसली. आता तानुबाई समोर उभी होती, गिऱ्हाइकं उभी राहतात तिथं. इथून ही जागा कशी दिसते, हे तिनं कधी बघितलंच नव्हतं. एवढीशी होती. तिनं कमरेची पिशवी सोडली. "घटाला माळ दे खुरासणीची. रंगनाथाच्या घरी घट बसायचाय."

अक्काबाईनं सगळ्यात लांब माळ निवडली, पानात बांधली आणि तिच्या ओंजळीत ठेवली. तानुबाईनं पैसे पुढं केले, तर तिनं हात मागं घेतले. "तुमच्याकडून घेऊ होय मी?"

"घ्यायचे," तानुबाई म्हणाली. "फुकट दिलंस तर भवानी होत नाय, आणि भवानी झाली नाय तर उद्या कुणीबी उठवंल तुला. घे."

अक्काबाईनं पैसे घेतले. डोळ्यांना पाणी होतं, तरी शिकवल्याप्रमाणं तिनं ते आधी कपाळाला लावले, मग पाटीवरून ओवाळले, मग गोणपाटाखाली सारले. मालनबाई मोठ्यानं म्हणाली, "झाली भवानी," आणि ते रांगेत टोकापर्यंत ऐकू गेलं. लागोपाठ दुसरी. लगेच चार हात एकदम पाटीवर पडले, मला द्या, मला द्या, आणि अक्काबाई मान वर करायलाही मोकळी राहिली नाही.

तानुबाई माळ धरून तिथंच उभी होती. जायचं कुठं, हे तिला सुचत नव्हतं. मागून एका बाईनं तिच्या खांद्याला हळूच हात लावला आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, "आजी, तुमचं घेऊन झालं असेल तर जरा सरका ना. आम्हालाही घ्यायचंय."

तानुबाई बाजूला सरकली.